सांधणारे हाड, सांभाळणारे घर

रस्त्यावरून तीन पायांवर उड्या मारत जाणारा कुत्रा तुम्ही पाहिला असेल. त्याचा चौथा पाय जागेवर असतो. पण तो आखूड किंवा वाकडा झालेला असतो आणि जमिनीला टेकत नाही. केव्हातरी एखाद्या वाहनाची धडक बसून त्या पायाचे हाड मोडलेले असते. कोणी औषधोपचार न करताही ते पुढे सांधले. पण जसे सांधायला हवे होते, तसे सांधले नाही.

या एका दृश्यात दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी, की मोडलेले हाड स्वतःच सांधते. डॉक्टर हाड सांधत नाहीत. सांधण्याचे काम शरीरातील पेशी करतात. दुसरी अशी, की नुसते सांधणे पुरेसे नसते. हाड सरळ रेषेत यायला हवे, त्याची लांबी राखली जायला हवी आणि शेजारचे सांधे मोकळे राहायला हवेत. यासाठी काही आठवडे पेशींना योग्य परिस्थिती मिळावी लागते. ती रस्त्यावर मिळत नाही. प्राण्यांच्या रुग्णालयातील पिंजरा पुढच्या जखमी प्राण्यासाठी लवकर रिकामा करावा लागतो. मग हे आठवडे काढायचे कोठे?

याला उत्तर म्हणून अनेक शहरांत एक पद्धत रूढ झाली आहे. एखादे कुटुंब जखमी कुत्र्याला बरा होईपर्यंत आपल्या घरी ठेवून घेते. कुत्रा त्यांच्या मालकीचा होत नाही. बरा झाला, की तो कायमच्या घरी जातो. अशा घराला 'फोस्टर होम' म्हणतात. आपण त्याला तात्पुरते घर म्हणू. हे काम दयेचे आहे हे खरेच. पण ते तितकेच विज्ञानाचे आहे. ते कसे, हे या लेखात पाहू.

त्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, दोन वर्षांची, १६ किलो वजनाची एक गावठी कुत्री आहे. अंगावर काळे ठिपके आहेत, म्हणून तिला आपण 'ठिपकी' म्हणू. मोटारीची धडक बसून तिच्या मागच्या उजव्या मांडीचे हाड मधोमध मोडले आहे. ठिपकी काल्पनिक असली, तरी तिची दुखापत मात्र पशुवैद्यांच्या नेहमीच्या पाहण्यातली आहे.

पाय नंतर, जीव आधी

लोंबणारा पाय पाहून सर्वांचे लक्ष तिकडेच जाते. पशुवैद्य मात्र सुरुवातीला पायाकडे फारसे पाहत नाहीत. जी धडक मांडीचे जाड हाड मोडते, तीच छाती आणि पोटही हादरवते. फुप्फुसाला मार बसलेला असू शकतो, मूत्राशय फुटलेले असू शकते, आत रक्तस्राव चालू असू शकतो. म्हणून श्वास, नाडी आणि हिरड्या आधी पाहतात. निरोगी कुत्र्याची हिरडी बहुधा गुलाबी असते. बोटाने दाबली, की ती पांढरी पडते आणि बोट काढल्यावर साधारण दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. याला जास्त वेळ लागला किंवा हिरडी मुळातच फिकट असली, तर रक्ताभिसरण मंदावले आहे असे समजावे. एका बोटाच्या दाबाने केवढी माहिती मिळते पहा!

अशा वेळी ठिपकीला शिरेतून द्रव आणि वेदनाशामक औषध देतात, छातीचे व पायाचे क्ष-किरण चित्र काढतात. श्वास आणि रक्ताभिसरण सुधारेपर्यंत पायाची शस्त्रक्रिया एक-दोन दिवस पुढे ढकलावी लागली, तरी चालते.

येथे तुमच्यासाठी एक सावधगिरीची सूचना. जखमी कुत्रा वेदनेने चावू शकतो, मग एरवी तो कितीही गरीब स्वभावाचा असो. तुम्ही एकट्याने त्याला उचलू नका. मोठ्या माणसांना बोलवा. त्याला फळीवर किंवा घडी केलेल्या चादरीवर आडवे ठेवूनच हलवावे. पाय ओढून सरळ करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रेबीज एकदा जडला, की त्यावर खात्रीचा इलाज नाही. पण लस वेळेवर घेतली, तर तो टाळता येतो.

मोडलेल्या जागी काय घडते?

हाड म्हणजे खडूसारखी निर्जीव वस्तू नव्हे. त्यात रक्तवाहिन्या असतात, जिवंत पेशी असतात. ते मोडते, तेव्हा या रक्तवाहिन्या तुटतात आणि मोडलेल्या जागी रक्ताची गुठळी जमते. ही गुठळी निरुपयोगी नाही. दुरुस्तीची सुरुवात तिच्यातूनच होते. पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात आणि मेलेले कण साफ करतात. जागा सुजते, गरम होते. मग त्या गुठळीत बारीक रक्तवाहिन्या शिरतात आणि एक मऊ, लालसर ऊतक तयार होते. त्याच्या जागी पुढे कूर्चा येते, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीच्या वरच्या भागात असते तसा लवचिक पदार्थ. मोडलेल्या टोकांभोवती एक गाठ दिसू लागते. तिला कॅलस म्हणतात. शेवटी कूर्चेच्या जागी हाड येते. पुढे कित्येक महिने हे नवे हाड घासूनपुसून मूळ आकाराच्या जवळ आणले जाते.

लहान पिलांचे हाड तीन-चार आठवड्यांत सांधू शकते. ठिपकीसारख्या प्रौढ कुत्रीला साधारणपणे आठ ते बारा आठवडे लागतात.

पण शरीर सुरुवातीलाच तेथे हाड का तयार करत नाही? आधी मऊ ऊतक, मग कूर्चा आणि मग हाड, असा लांबचा रस्ता ते का धरते?

दोन टक्क्यांचे गणित

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर स्टीफन पेरेन या स्विस संशोधकाने १९७० च्या दशकात मांडले. कोणताही पदार्थ ताणला, की त्याची लांबी वाढते. ही वाढ मूळ लांबीच्या किती टक्के आहे, याला पदार्थविज्ञानात 'विकृती' म्हणतात. मऊ लालसर ऊतक सुमारे १०० टक्के विकृती सहन करते, म्हणजे दुप्पट ताणले तरी तुटत नाही. कूर्चा सुमारे १० टक्के सहन करते. हाड मात्र फक्त सुमारे २ टक्के!

आता हिशेब करा. मोडलेल्या दोन टोकांमध्ये १ मिलिमीटर फट आहे आणि ठिपकीच्या प्रत्येक हालचालीबरोबर ती टोके ०.५ मिलिमीटर हलतात. विकृती झाली ५० टक्के. या फटीत मऊ ऊतक जगेल. कूर्चा किंवा हाड तयार होऊ लागले, तरी लगेच फाटेल. हालचाल ०.१ मिलिमीटरवर आणली, तर विकृती १० टक्के होते आणि कूर्चेला वाव मिळतो. ती ०.०२ मिलिमीटरवर आणली, तर विकृती २ टक्के होते आणि हाड तयार होऊ शकते.

म्हणजे शरीर लांबचा रस्ता धरते, कारण प्रत्येक ऊतक आपल्या पुढच्या ऊतकासाठी जागा स्थिर करून देते. मऊ ऊतक फट थोडी घट्ट करते, म्हणून कूर्चेला जागा मिळते. कूर्चा ती अधिक घट्ट करते, म्हणून हाडाला जागा मिळते.

शरीर आणखी दोन युक्त्या करते. पहिली चमत्कारिक वाटेल. मोडलेल्या हाडाची टोके सुरुवातीच्या काळात थोडी झिजवली जातात आणि फट रुंदावते. दुरुस्ती करायची सोडून मोडतोड का? पुन्हा हिशेब करा. हालचाल ०.१ मिलिमीटरच आहे; पण फट १ ऐवजी ५ मिलिमीटर झाली. विकृती १० वरून २ टक्क्यांवर आली!

दुसरी युक्ती म्हणजे ती गाठ. एखाद्या भरीव दांड्याची जाडी दुप्पट केली, तर तो वाकवणे दुप्पट नव्हे, १६ पट अवघड होते. कारण वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो. जाडी दीडपट केली, तरी विरोध पाचपट होतो. म्हणून मऊ पदार्थाची का होईना, पण जाड गाठ बांधणे शरीराला परवडते.

मात्र या युक्त्यांनाही मर्यादा आहेत. हालचाल फारच मोठी असेल, तर मऊ ऊतकाच्या पुढे गाडी जात नाही. महिने लोटले, तरी हाड सांधत नाही. रस्त्यावर राहिलेल्या कुत्र्याच्या वाट्याला एक तर हे येते, नाही तर टोके एकमेकांवर चढून वाकडेतिकडे सांधलेले हाड येते.

प्लास्टर का नाही?

तुमच्या वर्गातल्या एखाद्याचा हात मोडला, तर प्लास्टर घालतात. ठिपकीच्या मांडीला ते का घालू नये? मोडलेले हाड स्थिर करायचे, तर त्याच्या वरचा आणि खालचा, असे दोन्ही सांधे जखडावे लागतात. मांडीच्या हाडाच्या वरचा सांधा म्हणजे कमरेचा खुबा. कुत्र्याच्या खुब्याभोवती प्लास्टर नीट बसत नाही. ते घसरते आणि मोडलेल्या जागी उलट ओझे होते. म्हणून मांडीचे हाड बहुधा शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी व स्क्रू किंवा हाडाच्या पोकळीत घातलेली सळई यांनी स्थिर करतात.

तिसरा मार्ग आहे बाहेरच्या चौकटीचा. कातडीतून हाडात पिना घालायच्या आणि त्या बाहेरून एका दांड्याला जोडायच्या. या मार्गाचा इतिहास मनोरंजक आहे. कुत्रे प्लास्टर टिकू देत नाहीत, चावून काढतात, ही अडचण ऑटो स्टाडर या अमेरिकन पशुवैद्याला सतत भेडसावत होती. १९३० च्या दशकात त्याने कुत्र्यांसाठी अशी एक चौकट तयार केली. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी ती पाहिली आणि माणसांसाठी वापरली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलाने जखमी खलाशांवर तिचा उपयोग केला. कुत्र्यांसाठी शोधलेली युक्ती अशा रीतीने माणसांच्या कामी आली. पुढे सायबेरियातील कुर्गान शहरात गाव्रिल इलिझारोव्ह यांनी कड्यांची चौकट वापरून हाडे सांधण्याची आणि लांबवण्याची पद्धत विकसित केली. तिच्या अभ्यासासाठीही कुत्र्यांवर प्रयोग झाले. आज माणसाचे मोडलेले हाड सरळ सांधते, त्यात कुत्र्यांचे ऋण आहे, हे विसरू नये.

कधी कधी हाडाचा चुरा झालेला असतो, नसा तुटलेल्या असतात आणि पाय काढून टाकणे हाच शहाणपणाचा मार्ग उरतो. कुत्रे तीन पायांवर चांगले वावरतात. त्यातही मागचा पाय गेला, तर तोल सांभाळणे तुलनेने सोपे जाते. कारण उभ्या कुत्र्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते. पण वाचवता येण्याजोगा पाय वाचवायलाच हवा. ठिपकीच्या हाडाला पट्टी बसवली आहे, असे आपण धरून चालू.

पट्टी आणि हाड यांची शर्यत

आता ठिपकी तात्पुरत्या घरी येते आणि खरी कसोटी सुरू होते. पहिले काही दिवस ती दमलेली असते, पडून राहते. सांभाळणे सोपे असते. अडचण येते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. सूज उतरलेली असते, वेदना कमी झालेली असते. ठिपकी शेपूट हलवत दाराकडे धावू पाहते. घरच्यांना वाटते, बरी झाली! आत मात्र फटीत अजून बरीचशी कूर्चाच असते. वेदना थांबणे आणि हाड पक्के होणे, या दोन घटना एकाच दिवशी घडत नाहीत.

धातूची पट्टी बसवली आहे ना, मग भीती कसली? एक पातळ तार घ्या आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवा. पहिल्या वेळी ती तुटणार नाही. पण काही वेळा वाकवल्यावर तुटेल. याला धातूचा थकवा म्हणतात. पायातील पट्टीही प्रत्येक पावलाबरोबर किंचित वाकते. हाड जसजसे पक्के होते, तसतसा भार ते स्वतःकडे घेते आणि पट्टी सुटते. हाड पक्के होण्याआधी फार धावपळ झाली, तर पट्टी वाकते, मोडते किंवा स्क्रू निसटतात. म्हणजे ही एक शर्यत आहे: आधी हाड सांधते, की आधी पट्टी थकते? शर्यत हाडाने जिंकावी, म्हणून ठिपकीला धावू द्यायचे नाही. जिन्यावर नाही, पलंगावर उडी नाही, घरातल्या दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती नाही. एका दुपारी उघडे राहिलेले दार कित्येक आठवड्यांची कमाई घालवू शकते आणि मग दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. ती पहिलीपेक्षा अवघड असते.

म्हणून खोलीच्या एका कोपऱ्यात ठिपकीला उभे राहता येईल, वळता येईल आणि आडवे होता येईल, एवढीच जागा आडोसा घालून द्यायची. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो, म्हणून खाली गोणपाट किंवा सतरंजी घालायची. लघवीला नेताना पट्टा लावायचा आणि पोटाखालून जुन्या टॉवेलची झोळी धरून मागच्या भागाचा भार उचलायचा.

विश्रांती, पण किती?

येथे आणखी एक पेच आहे. पाय अजिबात वापरला नाही, तर मांडीचे स्नायू वाळतात आणि गुडघा आखडतो. तरुण कुत्र्यांत तर मांडीचा पुढचा स्नायू हाडाला चिकटून पाय कायमचा ताठ होण्याचा धोका असतो. हाड सांधले, पण पाय निकामी झाला, असे घडू शकते. शिवाय हाडालाही थोडा भार हवा असतो. हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे आपली घडण बदलते, हा विचार यूलिउस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ मध्येच मांडला होता. भार पडेल तेथे हाड भरते, भार नसेल तेथे ते विरळ होते.

म्हणून पशुवैद्यांच्या सल्ल्याने रोज काही वेळा ठिपकीचा पाय हाताने अलगद दुमडायचा आणि पसरायचा. दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटे पट्टा लावून चालवायचे. हे चालणे अगदी सावकाश हवे. कुत्रा भरभर चालू लागला, की दुखरा पाय वर उचलतो आणि तीन पायांवर काम भागवतो. अगदी हळू चालताना मात्र त्याला प्रत्येक पाऊल टेकावेच लागते. पाय वापरायला शिकवायचा, तर वेग वाढवायचा नाही, कमी करायचा!

ताटात काय?

नवे हाड तयार करायला कच्चा माल लागतो. विश्रांती घेत असलेल्या कुत्र्याला लागणारी ऊर्जा काढण्याचे एक सूत्र आहे: वजनाचा (किलोग्रॅममध्ये) पाऊण घात घ्यावा आणि त्याला ७० ने गुणावे. ठिपकीचे वजन १६ किलो. १६ चे वर्गमूळ ४, त्याचे वर्गमूळ २ आणि २ चा घन ८. म्हणून ७० × ८ = ५६० किलोकॅलरी. ही नुसत्या पडून राहण्याची गरज झाली. थोडी हालचाल आणि दुरुस्ती यांसाठी आणखी काही लागते. फार दिले, तर वजन वाढते आणि तो भार दुखऱ्या पायावर येतो.

ऊर्जा केवळ दूध-पोळीतूनही मिळेल. पण हाडाचा सांगाडा कोलॅजन या प्रथिनाचा असतो आणि त्यात कॅल्शियम व फॉस्फरसचे क्षार भरले जातात. प्रथिनांशिवाय सांगाडा उभा राहणार कसा? म्हणून अंडी, मांस किंवा कुत्र्यांसाठी तयार केलेला समतोल आहार द्यावा. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. शिजवलेली हाडे टोकदार फुटतात आणि आतड्याला इजा करतात. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी ठरतात.

औषधांच्या बाबतीत तर अधिकच काळजी हवी. घरातली वेदनाशामक गोळी ठिपकीला देऊ नये. माणसाला चालणाऱ्या आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ताप मोजतानाही कुत्र्याचे माप वेगळे आहे हे लक्षात ठेवावे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. आपल्याला जो ताप, तो त्याचा आरोग्याचा आकडा!

'कुत्रा जखम चाटून बरी करतो' असे आपण ऐकतो. त्याच्या लाळेत काही जंतूंना मारणारे पदार्थ असतात, हे खरे. पण त्याच्या तोंडात इतर जंतूही भरपूर असतात आणि खरखरीत जीभ टाके उसवते. म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घालतात. ठिपकीला ती आवडत नाही. पण टाके निघेपर्यंत ती काढायची नाही.

वहीचा उपयोग

समजा, या घरात नववीत शिकणारी मुलगी आहे. ती एक वही ठेवते. रोज सकाळी लिहिते: किती खाल्ले, लघवी-शौच झाली का, जखम कोरडी आहे का, पाय किती टेकवला. पायासाठी तिने गुण ठरवले आहेत: अजिबात टेकवला नाही तर ०, फक्त बोटे टेकवली तर १, चालताना अधूनमधून टेकवला तर २, प्रत्येक पावलाला टेकवला तर ३. आठवड्यातून एकदा ती दोन्ही मांड्यांचा घेर शिंप्याच्या टेपने मोजते आणि आलेख काढते.

या वहीची किंमत मोठी आहे. कुत्रा बोलून सांगत नाही आणि वेदना पुष्कळदा लपवतो. कालपर्यंत २ गुण असलेला पाय आज अचानक ०वर आला, तर ठिपकी आनंदी दिसत असली तरी पशुवैद्यांकडे जायला हवे. पट्टी सैल झाली असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल. ही नोंद नसती, तर हा फरक कदाचित आठवड्यानंतर लक्षात आला असता. तोवर उशीर झाला असता.

सांभाळणाऱ्यांनी स्वतःकडेही पाहावे. १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो येथे एक प्रयोग झाला. आजारी नातेवाइकाची दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तसा भार नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर सारखीच छोटी जखम करून ती भरायला किती दिवस लागतात, हे पाहिले. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस अधिक लागले. मनावरचा ताण शरीराच्या दुरुस्तीला मंद करतो. म्हणून आई, बाबा, आजी, मुले सगळ्यांनी कामे वाटून घ्यावीत. रात्रीची पाळी एकट्यावर पडू देऊ नये.

आठव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा क्ष-किरण चित्र काढतात. काळ्या फटीच्या जागी दोन्ही बाजूंना पांढरा पूल दिसला, की बंधने हळूहळू सैल करतात. पूल दिसला नाही, तर आणखी चार आठवडे तोच कोपरा, तीच झोळी, तेच सावकाश चालणे. या काळात ठिपकीला रेबीजची लस मिळते, निर्बीजीकरण होते आणि कायमच्या घराचा शोध सुरू होतो. नव्या घरच्यांना ठिपकीबरोबर ती वहीही द्यावी. पुढच्या पशुवैद्यांना तिचा उपयोग होईल.

१८८६ साली मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ते परळला आहे. तेथेच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे. मुंबईतील शिक्षकांनी आधी परवानगी घेऊन विद्यार्थ्यांना तेथे न्यावे. इतर गावांत जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. मोडलेल्या आणि सांधलेल्या हाडाची क्ष-किरण चित्रे शेजारी शेजारी पाहण्यासारखा धडा नाही.

करून पहा

एकाच आकाराचे वर्तमानपत्राचे दोन कागद घ्या. एकाची पेन्सिलीएवढी घट्ट गुंडाळी करा, दुसऱ्याची रुपयाच्या नाण्याएवढी रुंद नळी करा आणि दोन्ही चिकटवा. दोन पुस्तकांच्या चळतींवर त्या पुलासारख्या ठेवून मध्ये दोऱ्याने छोटी पिशवी टांगा आणि तीत एकेक नाणे टाकत जा. कागद तितकाच असूनही कोणती नळी कमी वाकते? शरीर मोडलेल्या हाडाभोवती गाठ का बांधते, ते यावरून कळेल. मात्र रुंद नळीवर दोरा रुतून ती चेपली, तर काय होते, हेही पहा आणि त्याचे कारण वर्गात चर्चा करून शोधा.